रिजेक्शन दाखवताय ना, मग चांगल्या शिफ्टपण दाखवा

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या कारखान्यांत महिन्याचा रिव्ह्यू म्हणजे ठरलेलं असतं, क्वालिटीवाला रिजेक्शनचा, म्हणजे नाकारलेल्या मालाचा, पॅरेटो (कारणं मोठ्यापासून लहान अशी लावलेला बार चार्ट) लावतो, लाल बार, वर टायटल 'रिजेक्शन ॲनालिसिस', आणि प्लांट हेड विचारतात, "बरं, मग करायचं काय?" पुढे सगळे गप्प. मला फार वाईट वाटतं हो, त्या पोराने आठवडाभर एक्सेलमध्ये डोकं घातलेलं असतं आणि उत्तर त्याला माहीत असतं, फक्त ते स्लाइडवर नसतं.

माझं म्हणणं एवढंच की नुसता बिघडलेला माल मांडला की कारण लपून बसतं. टीममधल्या नव्या पोरांना मी चॅलेंजर यानाचं सांगते. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले. आदल्या रात्री इंजिनिअर फोनवरच्या मीटिंगमध्ये सांगत होते की थंडीत बूस्टर रॉकेटच्या ओ-रिंग, म्हणजे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी रिंगा, नीट सील करणार नाहीत, उद्या उडवू नका. बरोबर होते ते! पण तुलना झाली ती रिंग खराब झालेल्या उड्डाणांचीच, आणि त्यात थंडीतलं होतं तसं उबदार दिवसातलंही होतं, त्यामुळे तापमानाचा संबंध पक्का दिसेना. नंतर चौकशी आयोगाने सगळी उड्डाणं एकत्र मांडली, बिनत्रासाचीसुद्धा. साधारण १९ अंश सेल्सिअस आणि त्यावरच्या २० उड्डाणांपैकी ३ मध्ये त्रास, त्याहून थंडीतल्या चारही उड्डाणांत त्रास. आणि त्या दिवशी तर पारा शून्याच्या आसपास होता.

हे वाचलं की अजूनही चरफड होते.

आपल्याकडे पण तसंच करायचं. सगळ्या शिफ्टचे ठिपके एका चार्टवर, चांगल्या करड्या, वाईट लाल, आडव्या अक्षावर मशीनचं टूल बदलून किती तास झाले ते. टायटलमध्ये सरळ निष्कर्ष लिहा, 'टूल जुनं झालं की रिजेक्शन वाढतंय, टूल लवकर बदलायला मंजुरी हवी', म्हणजे प्लांट हेडना प्रश्न विचारायची वेळच येत नाही. कोरिलेशनचा (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात त्याचा) आकडा बॅकअप स्लाइडला ठेवा, कोणी विचारलं तर काढा.

आणि मीटिंगच्या आधी तो चार्ट लाइनवरच्या सुपरवायझरला नक्की दाखवा, तो एका ठिपक्यावर बोट ठेवून सांगतो, "मॅडम, त्या रात्री लाईट गेलेली", आणि हे कुठल्याच शीटमध्ये नसतं.