कर्णाचा हेतू आणि समितीचा शेरा

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी कर्ण घेतला. विषयमंजुरी, मार्गदर्शक, टंकलेखन, बांधणी यांतलं काहीच अडलं नाही. अडलं ते तिसऱ्या प्रकरणावर प्रबंध तपासणाऱ्या समितीकडून आलेल्या एका शेऱ्यापाशी. तो आठवला की अजूनही चिडायला होतं: ‘द्रौपदीने स्वयंवरात केलेल्या अपमानाचा विचार नाही. हेतूची मांडणी अपूर्ण. दुरुस्तीसह पुन्हा सादर करावे.’

हे प्रकरण द्यूतसभेवर होतं. दुर्योधनाचा भाऊ विकर्ण उभा राहतो आणि म्हणतो, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता आणि द्रौपदी काही त्याच्या एकट्याची नव्हे, तेव्हा ती जिंकली गेलेली नाही. त्याला गप्प करायला उठतो तो कर्ण. तो विकर्णाला पोर ठरवतो, द्रौपदीला सभेत म्हणू नये ते म्हणतो, आणि पांडवांची व द्रौपदीची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगतो. दानशूर म्हणून ज्याचं नाव घेतो, तो माणूस इथे असा का वागतो? माझा सगळा प्रबंध या एका प्रश्नासाठी होता.

याचं तयार उत्तर सगळ्यांकडे असतं. स्वयंवरात द्रौपदी म्हणाली, ‘मी सूताला वरणार नाही,’ त्याचा राग त्याने सभेत काढला. मालिकांत हेच, कादंबऱ्यांत हेच. समितीतल्या तिघांनाही हेच पाठ होतं. मी ते कारण जाणूनबुजून घेतलं नव्हतं, कारण माझा आधारग्रंथ पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती, म्हणजे जुन्या पोथ्या ताडून ठरवलेला पाठ, हा होता, आणि तिच्या मूळ संहितेत द्रौपदीचं ते वाक्यच नाही. पहिल्या प्रकरणात मी आधारग्रंथ स्पष्ट लिहिला होता. ते प्रकरण कुणी उघडलं असतं तर शेरा आलाच नसता.

कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, शेऱ्यावर लेखी खुलासा द्या, पुढच्या बैठकीत ठेवू.’ पुढची बैठक कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. समितीतल्या एका सरांना भेटले. ते म्हणाले, ‘एवढी प्रसिद्ध गोष्ट, तुम्ही नाही कशी म्हणता? दोन परिच्छेद घाला आणि मोकळ्या व्हा.’ माझ्या मार्गदर्शक मॅडमही थकल्या होत्या, त्याही म्हणाल्या, ‘घालून टाक गं.’ मी नाही घातले. जे संहितेत नाही ते पात्राच्या मनात कोंबायचं आणि त्याला विश्लेषण म्हणायचं, हे मला जमणारं नव्हतं.

मग खुलासा लिहायला बसले. चिकित्सित आवृत्तीचं काम 1919 साली सुरू झालं आणि 1966 साली पुरं झालं. आदिपर्व विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादित केलं. देशभरातली शारदा, नेपाळी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांमधली हस्तलिखितं पडताळून पाहायची, आणि जे मोजक्याच पोथ्यांत सापडतं ते मूळ पाठातून काढून खाली तारांकित करून द्यायचं, अशी ती पद्धत. द्रौपदीचा नकार असाच खाली गेलेला आहे. आपल्याकडे तो घरोघरी पोचला याचं मोठं कारण नीलकंठाचा पाठ. हा नीलकंठ चतुर्धर मूळचा गोदाकाठच्या कोपरगावचा, सतराव्या शतकात काशीत बसून त्याने महाभारतावर टीका लिहिली. त्याच्या पाठात द्रौपदी नकार देते, कर्ण रागाने हसतो, सूर्याकडे बघतो आणि धनुष्य टाकून देतो. प्रसंग म्हणून तो विलक्षण आहे, आणि म्हणूनच तो लोकांच्या मनातून जात नाही.

पण ‘पोथ्यांत नाही’ एवढ्यावर समिती मानणार नव्हती. मला संहितेच्या आतला पुरावा हवा होता. तो सापडला आणि मी वाचनालयात अक्षरशः उठून उभी राहिले. ब्राह्मणवेषातला अर्जुन धनुष्याकडे निघतो तेव्हा जमलेले ब्राह्मण आपसांत कुजबुजतात: कर्ण, शल्य यांच्यासारख्या नामांकित, बलवान राजांना जे धनुष्य वाकवता आलं नाही, ते या पोराला कसं जमेल? म्हणजे कर्णाने प्रयत्न केला आणि त्याला ते जमलं नाही. त्याला मध्येच कुणी थांबवलं असतं तर हे ब्राह्मण असं बोलले नसते. आणि हे बोलणं नीलकंठाच्या पाठातही आहे! तिथे नकार आणि ही कुजबुज दोन्ही शेजारशेजारच्या अध्यायांत उभे आहेत, एकमेकांना खोडत.

हे सगळं मी पुरवणी म्हणून जोडलं. मूळ प्रकरणातली एक ओळही बदलली नाही. बैठक झाली, आणि कागद परत आला त्यावर ‘दुरुस्ती समाधानकारक’ असं लिहिलेलं. दुरुस्ती! पण मंजुरी मिळाली आणि खूप दिवसांनी शांत झोप लागली.

तुम्हीही अशा विषयाला हात घालणार असाल तर आधारग्रंथ पहिल्या दिवशी ठरवा आणि तो प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला पुन्हा लिहा. इंटरनेटवर संहिता मिळते, शोधायला ती फार सोयीची, पण तिथे बहुतेकदा फक्त मूळ पाठ असतो. तारांकित श्लोकांसाठी छापील खंड पाहावेत.

आता मुद्दा उरतो तो हेतूचा. स्वयंवर काढून टाकलं तर कर्णाच्या वागण्याला कारण काय राहतं? माझ्या मते भरपूर राहतं, आणि ते जास्त खरं आहे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगून राज्य देऊ करतो. कर्ण नाकारतो. अधिरथ आणि राधेने लावलेला जीव, त्यांनी केलेले संस्कार, दुर्योधनाच्या आधाराने तेरा वर्षं भोगलेलं राज्य, अशी कारणं तो देतो. आणि तिथेच कबूल करतो की पांडवांना मी जे कडू बोललो ते दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून बोललो, आता त्याचा मला पश्चात्ताप होतो. हेतू पात्राने स्वतःच्या तोंडाने सांगितला आहे!

सभेतला प्रसंग याच्यासोबत वाचावा. विकर्ण हा दुर्योधनाचा सख्खा भाऊ. फूट घरातूनच पडते आहे. अशा वेळी, राजपुत्रांच्या शस्त्रकौशल्याच्या प्रदर्शनात ज्याला दुर्योधनाने अंगदेशाचा राजा केलं, तो कर्ण सख्ख्या भावापेक्षा जास्त दुर्योधनाचा होऊन दाखवतो. कुळ विचारलं गेल्यावर गप्प झालेल्या माणसाला ज्याने उभं केलं, त्याच्या सभेत त्याला पुन्हापुन्हा आपली जागा कमवावी लागते. द्रौपदीशी त्याचं वैर असायची गरजच नाही. आणि मला हे वैरापेक्षा भयंकर वाटतं.

एक गोष्ट राहिलीच. हेतू शोधताना वही अशी आखा: पात्र काय बोललं, कुणाशी बोललं, आणि त्याने केलं काय. मधला रकाना लोक सोडून देतात. कर्ण कृष्णाला प्रेमाचं कारण सांगतो. कुंतीला मात्र सांगतो की ज्यांनी धृतराष्ट्राच्या मुलांचं अन्न खाल्लं त्यांनी ते फेडायची वेळ आली आहे. कुंतीसमोर तो आधी तिने टाकून दिल्याचं कडवटपणे बोलून घेतो, मग अर्जुन सोडून चौघांना न मारण्याचं वचन देतो. ऐकणारा बदलला की कारणाचा सूर बदलतो. दोन्ही कारणं नोंदवा, एकाला खोटं ठरवायची घाई करू नका.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी ती कुजबुज प्रत्यक्ष वाचून दाखवायला सांगितली, त्यामुळे खंडाची छायाप्रत जवळ ठेवलेली कामी आली. मग त्यांनी विचारलं, ‘कर्णाचा पश्चात्ताप पुरा आहे का?’ मी म्हटलं, नाही. त्या श्लोकात तो पांडवांना बोललेल्या शब्दांबद्दल बोलतो, द्रौपदीचं नाव त्यात नाही. त्या म्हणाल्या, यावर वेगळं प्रकरण व्हायला हवं होतं. ते मी आता लिहायला घेतलं आहे.