वर देव कुठला?

"वर देव कुठला आहे?" बुटांच्या नाड्या आवळत आईने विचारलं. वर देऊळ नाही, पडका किल्ला आहे, असं सांगितल्यावर म्हणाली, "मग सण कसला?"

प्रश्न रास्त होता. दक्षिण जर्मनीत एक मे म्हणजे 'मायवांडरुंग'. आदल्या रात्री तरुण मंडळी नाचत नाचत मे महिन्यात शिरतात, गावच्या चौकात फिती आणि हिरव्या तोरणांचा उंच खांब, 'मायबाऊम', उभा राहतो आणि सकाळी घरंच्या घरं डोंगराकडे चालू लागतात. नैवेद्य नाही, नवे कपडे नाहीत. घराबाहेर पडणं हाच सण. "दसऱ्याचं सीमोल्लंघन असतं ना, तसंच धर," मी म्हटलं.

"सीमोल्लंघनाला सोनं तरी मिळतं."

आमच्या साताऱ्यात एक मे म्हणजे सकाळी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन आणि मग उन्हाच्या धास्तीने खिडक्या लावून आमरस. इथली माणसं मात्र ऑक्टोबरपासून दाराआड बसलेली. त्यांना ऊन दिसलं की पाय फुटणारच.

स्टुटगार्टहून किर्खहाइम, तिथून छोट्या गाडीने ओवेन. लिहितात ओवेन, म्हणतात आउएन. समोर टेक किल्ल्याचा डोंगर, ७७५ मीटर. पायथ्याशी सफरचंदाची झाडं फुललेली. वाटेवर श्वेबिशर आल्बफेराइनच्या खुणा. १८८८ पासून ही संस्था लोकांना वाट दाखवतेय, त्यामुळे चुकायची सोय नाही. बापमंडळी 'बॉलरवागन' ओढत होती. ही लाकडी हातगाडी. खाली बिअरचा क्रेट, वर मूल; उतरताना क्रेट हलका होतो, मूल जड. आमच्याकडे गाडी नव्हती, पण पाठीवरच्या पिशवीत दशम्या, लसणीची चटणी आणि "असू दे" म्हणून घेतलेले चार कांदे होते. ते कांदे मी वरपर्यंत वाहिले.

बीच वृक्षांच्या रानात शिरलो आणि आई थबकली. "इथे कुणी लसूण फोडणीला टाकलाय?"

झाडांखाली लांबट हिरव्या पानांचा गालिचाच होता. बेअरलाउख, रानलसूण. आई वाकून एकेक पान बोटांत धरून हुंगायला लागली. मी घाईघाईने दोन गोष्टी सांगितल्या: राखीव रानात काही तोडायचं नाही आणि अगदी अशाच पानांचं एक विषारी फूलझाड असतं, त्याला लसणाचा वास नसतो. "म्हणजे नाक हवं," ती म्हणाली आणि पुढची पाच मिनिटं नातीला नाक कसं वापरायचं ते शिकवत बसली. एवढं रान लसणीचं आणि चटणी कुणी करत नाही, याची हळहळ तिला वरपर्यंत पुरली.

वर दशम्या सोडल्या. किल्ल्याखालच्या गुहेत म्हणे सिबिला नावाची बाई राहायची. मुलं लुटारू निघाली म्हणून ती मांजरांच्या रथात बसून कायमची निघून गेली. "बरं केलं," आई माझ्याकडे बघत म्हणाली. तिच्या रथाची चाकोरी खालच्या शेतांत, पिकाच्या वेगळ्या रंगात दिसते, असं लोक सांगायचे. खणून पाहिलं तर ती रोमन साम्राज्याच्या सीमेवरच्या बुजलेल्या चराची रेघ निघाली, डेट्टिंगेन आणि ओवेनच्या मधोमध.

"आपली गाडी तिथूनच आली ना?" बायको म्हणाली.

आईने दशमीचा घास तसाच हातात धरला. "म्हणजे सीमा ओलांडली की आपण."

त्यानंतर देवाचा विषय निघाला नाही. उतरताना गुडघ्यांचा निघाला, तो स्टुटगार्टपर्यंत.

रात्री जेवणं झाल्यावर आईने पर्स उघडली. रुमालात जपून ठेवलेली, कोमेजलेली तीन पानं. "तोडली नाहीत हां, वाटेवर पडलेली होती," असं मला बजावून तिने एक पान नातीच्या हातावर ठेवलं.

"घे, सोनं घे."

मुलीने आधी ते हुंगलं.