तुम्ही विचारलंत म्हणून : शाबाट्सच का?

मी शाळेतल्या मुलामुलींना हँडबॉल शिकवतो. 'सर, बार्सिलोनासारखा मोठा क्लब सोडून तुम्ही सारखं त्या शाबाट्सचंच काय सांगता?' हे मुलं विचारतात, पालकही विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

शाबाट्स हे सर्बियातलं सावा नदीकाठचं, बेलग्रेडच्या पश्चिमेचं लहान शहर. १९५८ मध्ये तिथं हँडबॉलचा क्लब सुरू झाला. त्याचं नाव मेटालोप्लास्टिका, हे तिथल्या कारखान्याचंच नाव. या क्लबनं १९८२ ते १९८८ सलग सात वेळा युगोस्लाव्हियाचं विजेतेपद मिळवलं; सर्बिया तेव्हा त्याच देशाचा भाग होता. ते सोपं नव्हतं, कारण हाच देश हँडबॉलमध्ये १९८४ ला ऑलिंपिक जिंकला आणि १९८६ ला जगज्जेता झाला. त्या संघांत शाबाट्सचे खेळाडू होतेच.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती हार. १९८४ ची युरोपियन चॅम्पियन्स कपची, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेची अंतिम फेरी, समोर दुक्ला प्राग. दोन्ही लढती मिळून बरोबरी झाली, निकाल सात मीटरच्या फेकींवर, म्हणजे पेनल्टींवर गेला आणि कप प्रागला गेला. पुढच्याच वर्षी मेटालोप्लास्टिका पुन्हा अंतिम फेरीत आली आणि अॅटलेटिको माद्रिदला हरवून कप घेऊन गेली. १९८६ मध्ये पोलंडच्या ग्दान्स्कच्या संघाला हरवून पुन्हा!

गोलात मिर्को बाशिच, विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला मिले इसाकोविच, डीच्या (गोलासमोरच्या सहा मीटरच्या क्षेत्राच्या) रेषेवर वेसेलिन वुकोविच आणि मागून वेसेलिन वुयोविच. विंगवरून झेप घेतली की गोल जवळजवळ दिसतच नाही, कोनच उरत नाही. तिथून चेंडू सोडायचा तर पाय डीत टेकायच्या आत, अगदी शेवटच्या क्षणी मनगट फिरवावं लागतं. इसाकोविचची जागा ही अशी. लोक या संघाला 'परग्रहवासी' म्हणायचे, ते मला पटतं. १९८८ मध्ये वुयोविच जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्याच वर्षी तो बार्सिलोनाला गेला. पुढे देश फुटला, १९९२ च्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांनी तिथल्या क्लबांना युरोपची दारं बंद झाली. ते दिवस पुन्हा आले नाहीत.

सरावाच्या शेवटी, मुलं पार दमलेली असताना, मी एकेकाला सात मीटरच्या रेषेवर उभं करतो. परवा एकीनं विचारलं, 'सर, प्रागविरुद्ध कुणाची फेक चुकली?' मी नाव सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ते सगळे मिळून जिंकले, एवढं सांगितलं आणि चेंडू तिच्या हातात दिला.