आमची वाटचाल : साणेपासून चार शटरांपर्यंत

आमच्या चष्म्याच्या दुकानाला चाळीस वर्षं झाली, तेव्हा बाबा, तुम्हीच लिहा, असं मुलगी म्हणाली. ऱ्हस्व-दीर्घ तिनं बघितलंय. मतं माझी आहेत आणि त्यातली निम्मी तिला पटलेली नाहीत.

१९८५ च्या पावसाआधी गडहिंग्लज सोडलं. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत म्हापशाच्या स्टँडवर उतरलो. मामांनी एका मेस्ताचा, म्हणजे चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारागिराचा, पत्ता दिला होता. बाजाराच्या मागच्या अंगाला दीड खणाची जागा, मोटरवर फिरणारी काच घासायची एक साण, वर टांगलेल्या डब्यातून तिच्यावर ठिबकणारं पाणी, बस्स. सगळा बाजार त्यांना मेस्त म्हणायचा, मीही शेवटपर्यंत मेस्तच म्हटलं. सहा महिने त्यांनी मला काचेला हात लावू दिला नाही. नुसता आवाज ऐकायचा. काच नीट घासली जात असली की एकसारखा सूर लागतो, दाब जास्त झाला की तो चिरकतो. "काच रडटा, आयक," म्हणायचे. आजही पोरगा मशीनवर जॉब लावतो तेव्हा मी पाठमोरा बसून सांगतो, हा फुटणार. बहुतेक वेळा फुटतो.

त्या काळी मोतीबिंदू काढला की +१० चा चष्मा ठरलेला. मधे फुगलेली जड काच. बेव्हल मारताना, म्हणजे फ्रेमच्या खाचेत बसेल अशी कड घासताना, टवका उडाला की दोघांची दिवसाची कमाई गेली. पुढं डोळ्यातच भिंग बसायला लागलं आणि ती गिऱ्हाइकं संपली. नव्या पोरांनी +१० ची काच हातातसुद्धा घेतली नसेल.

५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला. सिलिंडरच्या, म्हणजे तिरप्या नंबरच्या, काचा आम्ही पणजीला सर्फेसिंगला, नंबर घासून घ्यायला, देत होतो. मग बेतीहून फेरीबोट, भर पाऊस, काचा वर्तमानपत्रात गुंडाळून जेवणाच्या डब्यात. डबा पोटाशी धरून पलीकडं जायचं, तर तिथला ठोक व्यापारी पैसे मोजून घेतल्याशिवाय केटीची, म्हणजे लांबच्या-जवळच्या दुहेरी काचांची, एक जोडी देत नसे. शेजारच्या दुकानदाराला महिन्याची उधारी, मला रोख. "घाट्याक उदार ना." चार माणसांत, माझ्या तोंडावर. आता त्याचा मुलगा नव्वद दिवसांची उधारी देतो म्हणून फोन करतो. मी रोखच घेतो. नाव लिहीत नाही, वाचून त्याला कळेल.

शिवोलीच्या तारवट्याबद्दल लिहिलंच पाहिजे. नंबर –९, बोटीवर नोकरी, चष्मे करून घेतलेले जगातल्या नाही नाही त्या बंदरांत आणि डोकं कायम धरलेलं. मेस्तांनी त्याला उजेडात बसवलं आणि फुटपट्टी आडवी धरायच्या आधी उभी धरली. उजवा डोळा डाव्यापेक्षा २ मिलीमीटर वर. सगळ्यांनी दोन्ही काचांचे सेंटर एका रेषेत बसवलेले. नंबर ९, चूक २ मिलीमीटर, म्हणजे १.८ प्रिझम (काच नजर किती सरकवते त्याचं माप), तोही उभा. आडव्या चुकीत डोळा थोडंफार सांभाळून घेतो, उभ्यात एका प्रिझमलासुद्धा माणूस बेजार होतो. पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, सगळेच घेतात. उंची प्रत्येक डोळ्याची वेगळी घ्या, आणि तीही फ्रेम नाकावर नीट बसवल्यानंतर. प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं रेघेशिवाय एकाच काचेत) परत येण्याचं अर्धं कारण इथंच असतं, कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही.

तो तारवटी पुढं प्रत्येक रजेला येत राहिला. एकदा हँबर्गहून नोजपॅड वाकवायची पकड घेऊन आला. एका जबड्याला बारीक खाच आहे, पॅडची तार तिच्यात अशी बसते की ओरखडा उठत नाही. ती पकड आजही म्हापशाच्या काउंटरवर असते. दुसऱ्या कुणी हात लावला की मी बोलतो. गोव्यात पॅड आणि स्क्रू यांचंच काम जास्त, खारा वारा आणि घाम मिळून साध्या धातूची फ्रेम हिरवी करतात. स्टीलचे स्क्रू वापरा, चार पैसे जास्त जातील.

फोंड्याचं दुकान १९९८, पणजीचं २००३. चाललं.

मधल्या काळात ऑटो एजर, म्हणजे काच आपोआप फ्रेमच्या मापाला घासणारं मशीन, आणला आणि त्याच वर्षी मेस्त गेले. वारले नव्हे, घरी गेले. मशीन एक दिवस बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हाका कान ना." याला कान नाही. त्यांचा वाटा मी पैन् पै दिला. साण मात्र न्या म्हटलं तरी त्यांनी नेली नाही. मला ते लागलं, अजून लागतं.

डिचोली २००९ ची. तेव्हा त्या भागात खनिजाचा पैसा इतका होता की ट्रकवाले गॉगल दोन-दोन घ्यायचे. कर्ज काढून दुसरा एजर घेतला, दोन पोरं ठेवली. चष्मा धुवायच्या अल्ट्रासॉनिक मशीनच्या भांड्यात टाकला की रिमच्या खाचेतली धूळ सुटायची आणि पाणी कोऱ्या चहासारखं लाल व्हायचं. दिवसातून चार वेळा बदलावं लागे. सीआरच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, काचांवर ओरखडेच ओरखडे, कारण माणसं कोरडी धूळ शर्टाच्या टोकानं पुसायची. आधी पाणी, मग फडकं, हे सांगून जीभ झिजली.

सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. रस्त्याकडेला ट्रकांच्या रांगा लागल्या, टायरांभोवती गवत वाढलं. दुकानात मला पहिल्यांदा कळलं ते त्या भांड्यावरून. दिवाळीच्या सुमारास एक चष्मा धुतला आणि पाणी तसंच नितळ. पोरगा म्हणाला, मशीन बिघडलं का?

उधारीची वही सहा लाखांवर गेली होती. ट्रकवाल्याच्या दारात वसुलीला जायचो, तर त्याच्याच दारात बँकेचा माणूस बसलेला. काय मागणार? पुढच्या मार्चला डिचोलीचं शटर ओढलं. फोंड्याचा माल म्हापशाला आणला. बायकोचं सोनं गेलं, ते तिनं आजवर एकदाही बोलून दाखवलं नाही, त्याचाच त्रास होतो. नेमकं तेव्हाच म्हापशात आमच्या समोर बाहेरच्या एका साखळी कंपनीचं चष्म्याचं दुकान आलं, एकावर एक फुकट. आमच्याकडं शिकलेले दोघे तिकडं गेले. तिथून घेतलेले चष्मे शुक्रवारच्या बाजाराला येणारी माणसं आमच्याकडं सैल करून न्यायची. मी पैसे घेतले नाहीत. मुलगी म्हणते हा मूर्खपणा होता. असेल. ते समोरचं दुकान तीन वर्षांत गेलं.

एप्रिल २०१४ ला न्यायालयानं वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. डिचोली आम्ही २०१५ ला पुन्हा उघडली, छोट्या जागेत, उधारी बंद करून. २०१८ ला खाणी परत थांबल्या तेव्हा म्हणूनच तरलो.

जुन्या वहीतले बरेच जण हळूहळू देऊन गेले. एकानं २०१९ ला येऊन अठराशे रुपये दिले, वर पावती मागितली. ज्यांनी दिले नाहीत त्यातले दोघं-तिघं आता गाडीतून उतरून मला "काका, बरे मू?" विचारतात. मी बरं म्हणतो. वही गल्ल्याच्या खालच्या खणात आहे.