चांगल्या डोळ्याला लेझर

गुरुवारी आमच्या गावचा बाजार, आणि बाजाराच्या दिवशी नेत्र विभागाची ओपीडी दुपटीने भरते. भाजी विकून झाली की ‘आलोयच तर डोळंबी दाखवून जाऊ’ म्हणत लोक केसपेपर काढतात. मी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. नंबर काढायचे, डोळ्याचा दाब मोजायचा, थेंब घालून डोळ्याच्या मागच्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे, फोटो घ्यायचे, मोतीबिंदूच्या याद्या करायच्या आणि इथे होण्यासारखं नाही ते पुढे पाठवायचं, हे माझं काम. तालुका सांगली जिल्ह्यातला, त्यामुळे ‘पुढे’ म्हणजे बहुतेक वेळा मिरज.

त्या गुरुवारी आलेले काका शिंपी. पेठेत दुकान, शर्ट-पँट आणि शाळेचे गणवेश शिवतात. बरोबर काकू होत्या. तक्रार एवढीच की उजव्या डोळ्याने सुईत दोरा ओवला जात नाही. टेबलावर त्यांनी तीन चष्मे मांडले. “दर दोन-तीन महिन्यांनी नंबर बदलतोय, मॅडम. चष्मेवाला म्हणाला, आता मी नवीन काच घालत नाही, आधी दवाखान्यात जा.” त्या चष्मेवाल्याचे मी मनातल्या मनात आभार मानले.

नंबर असा मागेपुढे सरकत असेल तर आधी साखर बघायची. रक्तातली साखर चढली की डोळ्यातलं भिंग पाणी धरून फुगतं आणि नंबर बदलतो. उतरली की पुन्हा वेगळाच. अशा वेळी काढलेला चष्मा म्हणजे पैसे पाण्यात. काकांची साखर त्या वेळी ३१८ आली आणि रक्तदाब १६०/१००. शुगर निघून बारा वर्षं झालेली. गोळी ‘चालू’ होती, म्हणजे थकवा वाटला की घ्यायची. रक्तदाबाची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडलेली. आणि बारा वर्षांत बाहुली मोठी करून पडदा एकदाही तपासलेला नव्हता. “डोळे तपासलेत की दरवर्षी,” असं ते म्हणाले ते खोटं नव्हतं. पण ती तपासणी नंबरची. नंबरच्या मशीनला डोळ्याचा पडदा दिसत नाही, आणि ही गोष्ट रुग्णाला कुणी सांगतही नाही.

तक्त्यावर उजवा डोळा ६/३६ च्या ओळीला थांबला. डाव्याने काकांनी शेवटची ओळ धडाधड वाचली. ६/६. मग चौकटींचा कागद उजव्या डोळ्यासमोर धरला. मधल्या ठिपक्याकडे बघा आणि रेघा कशा दिसतात ते सांगा, म्हटलं. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मापात चूक आहे. मधे घोळ आलाय, कापड ओढल्यागत.” पडद्याच्या मध्यबिंदूला सूज आली की सरळ रेघ वाकडी दिसते, हे मी पुस्तकात वाचलेलं. इतकं नेमकं वर्णन तिथेही नव्हतं. डाव्या डोळ्याला तोच कागद बिनचूक दिसला.

थेंब घातले. मधुमेह्यांची बाहुली लवकर मोठी होत नाही, त्यामुळे पाऊण तास बाहेरच्या बाकावर. गाडी कोण चालवणार ते मी तेव्हाच विचारून घेते, कारण पुढचे काही तास उजेड सोसत नाही आणि जवळचं धूसर दिसतं. ते सायकलवर आले होते. परत हातात धरून न्यायची, चालवायची नाही, असं काकूंकडून कबूल करून घेतलं.

उजव्या डोळ्याच्या फोटोत अपेक्षेप्रमाणे मध्यबिंदूजवळ पिवळट ठिपक्यांचं कडं होतं. गळक्या केशवाहिन्यांतून झिरपलेली चरबी अशी साचते. धक्का बसला तो डाव्याचा फोटो बघून. जिथून नस मेंदूकडे जाते त्या फिकट गोलावर बारीक, केसासारख्या नव्या रक्तवाहिन्यांचं झुडूप उगवलं होतं, आणि त्याच्या खाली होडीच्या आकाराचा रक्ताचा छोटा डाग. शेवटची ओळ वाचणारा डोळा तो हाच.

त्या दिवशी आमचे नेत्रशल्यचिकित्सक हजर होते. त्यांनी स्वतः पडदा पाहिला आणि केसपेपरवर लिहिण्याआधीच म्हणाले, “डावा आधी. याच आठवड्यात लेझर.”

काका उसळले. “अहो, मी दाखवायला आणला उजवा! डाव्याला काय धाड भरलीय? चांगल्या डोळ्याला कशाला हात लावताय?”

मला हा प्रश्न मुळीच अडाणीपणाचा वाटत नाही. मोतीबिंदूच्या पेशंटची पट्टी दुसऱ्या दिवशी सोडली की तो सुनेचा चेहरा बघून हसतो, गावभर सांगतो, आणि पुढच्या शिबिराला त्याच गल्लीतले चारजण येतात. पडद्याच्या लेझरला असलं कौतुक नाही. लेझर नजर वाढवत नाही, आहे ती राखतं. उलट त्याने कडेची आणि रात्रीची नजर थोडी कमी होऊ शकते. त्यात आमच्या भागात बरेच जण डोळ्यात रक्त उतरल्यावरच लेझरला पोहोचतात. नंतर नजर गेली की नाव लेझरचं होतं. काकांच्या आळीतही असं एक उदाहरण होतं, ते त्यांनी लगेच सांगितलं.

मी त्यांना समजावलं ते साधारण असं. वाढलेल्या साखरेने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात. काही गळतात, तिथे सूज येते. तुमच्या उजव्या डोळ्यात सूज नेमकी मध्यबिंदूवर आहे, म्हणून सुई दिसत नाही. काही वाहिन्या बंदच पडतात. रक्त न मिळालेला पडदा मग नव्या वाहिन्या उगवतील असं रसायन सोडतो, आणि उगवतातही. पण त्या ठिसूळ असतात. डाव्या डोळ्यात त्या मध्यबिंदूपासून बाजूला आहेत, म्हणून अक्षरं स्वच्छ दिसतात. त्यातली एखादी मोठी फुटली तर डोळ्याच्या पोकळीत रक्त भरतं आणि माणूस सकाळी उठतो तो लाल-काळ्या धुक्याआड. पुढे त्या वाहिन्यांबरोबर व्रण धरला की तो पडद्याला ओढून भिंतीपासून सोडवतो. त्यापुढे मोठं ऑपरेशन करूनही गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. लेझरने कडेच्या उपाशी पडद्याची मागणी कमी करतात, म्हणजे नव्या वाहिन्या सुकतात.

काका ऐकत होते, पण पटल्याचं चेहऱ्यावर दिसेना. मग मी काकूंना कॅमेऱ्यासमोर बसवलं. त्यांना साखर नाही. त्यांच्या डोळ्याचा फोटो आणि काकांच्या डाव्या डोळ्याचा फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले, आणि कोणता कुणाचा ते सांगितलं नाही. आयुष्यभर कापडातला दोष हेरलेला माणूस! त्यांनी झुडपावर बोट ठेवलं. “हा डोळा खराब आहे. कुणाचा?”

“तुमचा. डावा.”

तरी गाडी लग्नसराईवर अडलीच. दोन घरचे कपडे शिवायला घेतले होते, महिन्याने जातो म्हणाले. इथे काकूंनी तोंड उघडलं. “महिन्यानं डोळा गेला तर काय कपाळानं शिवणार? लग्नाचे कपडे मी शेजारच्याला देते. उद्या मिरजेला जायचं.” मी पुढे काही बोललेच नाही.

मिरजेला डाव्या डोळ्याचं लेझर टप्प्याटप्प्याने झालं आणि उजव्यात सुजेसाठी इंजेक्शनं सुरू झाली. ‘डोळ्यात सुई’ ऐकून माणसं पळतात, पण आधी भूल देणारे थेंब घालतात आणि काम काही क्षणांत होतं. चिकाटी लागते ती पुढे, कारण एका इंजेक्शनवर भागत नाही. ठिसूळ वाहिन्यांवर ताण नको म्हणून लेझर पूर्ण होईपर्यंत जड गठ्ठे उचलायचे नाहीत असं काकांना सांगितलं होतं. शीर्षासनही बंद. हे मी मुद्दाम विचारते. शुगर निघाल्यावर योगाच्या वर्गाला जाणारे पुष्कळ असतात.

रक्तदाबाच्या गोळीवरून मात्र त्यांच्याशी खूप वाद झाला. साखरेचा डोळ्याशी संबंध ते मानायला लागले होते, बीपीचा नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. टाइप २ मधुमेहाच्या ज्या रुग्णांचा रक्तदाब काटेकोर ताब्यात ठेवला होता, त्यांच्यात पडद्याचा आजार बळावण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी निघालं. अशा आकड्यांनी काका हलले नाहीत. लघवीच्या तपासणीत प्रथिनं निघाली आणि फिजिशियननी ‘जे डोळ्यात चाललंय तेच मूत्रपिंडातही चाललंय’ असं सांगितलं, तेव्हा गोळी नियमित झाली.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. असंसर्गजन्य आजारांच्या खोलीत शुगरची गोळी घ्यायला रांग लागते, तिथे जाऊन प्रत्येकाला विचारते: थेंब घालून पडदा कधी तपासलाय? टाइप २ असेल तर निदान झालं त्याच वर्षी तपासायचा आणि मग दरवर्षी, कारण शुगर निघते तेव्हा ती आधी किती वर्षं मुक्कामाला होती कुणास ठाऊक. टाइप १ च्या मुलांना साधारण पाच वर्षांनंतर. आधीपासून मधुमेह असलेली बाई गरोदर राहिली तर पहिल्या तीन महिन्यांतच, कारण गरोदरपणात हा आजार झपाट्याने वाढू शकतो. बहुतेकांचं उत्तर एकच असतं, “मला दिसतंय की व्यवस्थित.” मग मी काकांच्या डाव्या डोळ्याचा तो फोटो दाखवते. त्यांची परवानगी आहे. फक्त ‘नाव सांगू नका, गिऱ्हाइकं जातील’ ही अट.

काका आता मला भेटतात ते तक्रारी घेऊनच. संध्याकाळी सायकलवरून येताना अंधार जास्त वाटतो म्हणतात. ते लेझरचंच आहे. दिवेलागणीआधी घरी जा, एवढंच मी सांगू शकते. उजव्या डोळ्याने तक्त्यावर दोन ओळी जास्त वाचल्या जातात, पण दोरा अजून काकूच ओवतात. डावा ६/६ वर टिकून आहे. पुढची मिरजेची तारीख नेमकी तुळशीच्या लग्नानंतरच्या गर्दीत आलीय, आणि ती आठवडाभर पुढे ढकलता येईल का, हे विचारायला ते परवा पुन्हा येऊन गेले. नाही म्हटलं. तर म्हणाले, “बरं, चार दिवस?”