हाई 'इट' म्हणजे कोन रे भो?

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. महाराष्ट्रात ते पहिलीपासून आलं २००० साली, आम्ही त्याच्या आधीचे. घरी अहिराणी, वर्गात पुस्तकी मराठी आणि वरून ही तिसरी. आमच्या इंग्रजीच्या सरांना मोठ्या शब्दांचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांचा सगळा जीव 'इट', 'दिस', 'सो', 'विच' असल्या बारक्या शब्दांवर. मोठ्याचा अर्थ डिक्शनरीत सापडतो, बारक्याचा धनी मागच्या वाक्यात शोधावा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

फळ्यावर वाक्य पडायचं : 'द ट्रक हिट द बस. इट वॉज ओल्ड.' सर 'इट'भोवती गोल काढत आणि विचारत, "हाई 'इट' म्हणजे कोन रे भो?" अर्धा वर्ग ट्रक म्हणे, अर्धा बस. सर दोन्हीकडे बाण ओढून खडू खाली ठेवत. मराठीत 'तो जुना होता' म्हटलं की ट्रक, 'ती जुनी होती' म्हटलं की बस, भांडण मिटलं. इंग्रजीत दोन्ही 'इट', तेव्हा लिहिणाऱ्यानेच नाव पुन्हा घ्यायचं.

जूनमध्ये कपाशीची सरकी घरात येऊन पडलेली आणि आभाळ कोरडं, अशा दिवसांत सरांनी घातलेलं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. 'विल इट रेन टुमारो? आय होप सो.' यातल्या 'इट'ला मागे-पुढे कुणीच धनी नाही. इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो म्हणून ते नुसतं बसवलेलं. आणि 'सो'? त्या दोन अक्षरांत 'उद्या पाऊस पडेल' हे अख्खं वाक्य मावलंय. पाऊस नको असेल, तर तिथे 'नॉट' : 'आय होप नॉट.' (त्या महिन्यात तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.)

'विच'चंही तसंच. 'ही पास्ड, विच सरप्राइज्ड हिज फादर.' इथला 'विच' कुठल्या एका नामाकडे जात नाही, पोरगं पास झालं ही सगळी घटनाच तो उचलतो. त्याच्या आधीचा स्वल्पविराम गाळला की सर अर्धा मार्क कापत. त्याबद्दल माझी अजूनही तक्रार आहे.

आता जळगावला वकिली करतो. इंग्रजी करार तपासताना 'ही', 'हिज' दिसलं की पेन आपोआप थांबतं. 'रामाने भावाला आपलं शेत दिलं' यात शेत रामाचंच, 'आपलं' कर्त्याला सोडत नाही. इंग्रजी 'हिज'वर मात्र दोघेही हक्क सांगू शकतात. दोन भाऊ, एक विहीर आणि कागदात 'ही शॅल यूज हिज वेल' म्हटल्यावर पुढची दहा वर्षं तारखाच. म्हणून मी दर वेळी पूर्ण नाव आणि गट नंबर घालतो. पक्षकार कुरकुरतात, "वकीलसाहेब, तेच नाव किती वेळा लिहाल? पानं वाढतात ना!" वाढू देत.