बुधवारचा खिमा, एक शेगडी आणि दीड किलो गॅस

नाशिकच्या सिडकोत पवननगरच्या मागच्या गल्लीत माझी मेस आहे. जेवायला येणारी बहुतेक पोरं अंबड एमआयडीसीतली. कुणी सीएनसी मशीनवर, कुणी क्वालिटीत, दोघं-तिघं नुसतेच ट्रेनी. तीस जणांची मेस, त्यातले आठ शाकाहारी. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे सामिषाचे वार, आणि या वारांच्या बाबतीत पोरं एवढी काटेकोर असतात की चतुर्थी बुधवारी आली तर कॅलेंडरवर रागावतात.

त्या बुधवारी खिमा-मटार, पोळी, वरण-भात ठरलेलं होतं. तीन किलो खिमा सकाळीच आणून फ्रीजमध्ये ठेवला होता. एकोणीस किलोचा कमर्शियल सिलिंडर दुपारी यायचा होता. चार वाजता एजन्सीत फोन केला तर म्हणे गाडी निघाली. पाचला केला तर गाडी उद्या. मग कुणी उचललाच नाही.

मावशी, म्हणजे माझ्याकडे पोळ्यांना येतात त्या, म्हणाल्या, "वरचा घरातला आणा की खाली." तो मी आणत नाही. घरगुती सिलिंडर धंद्याला लावायला कायद्याने मनाई आहे आणि मेसचं लायसन माझ्या नावावर आहे. एक दिवस निभावेल, पण सवय लागली की सुटत नाही.

लावलेल्या सिलिंडरमध्ये किती उरलंय हे सांगायला लोक त्याला ओलं फडकं लावतात, हलवून बघतात. मी वजन करते. रिकाम्या टाकीचं वजन सिलिंडरच्या कॉलरवर छापलेलं असतं, तेवढं वजा केलं की झालं. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर टाकी नेऊन ठेवली. काटा थांबला, वजाबाकी केली, उरला दीड किलो. आमच्या पूर्ण रात्रीच्या स्वयंपाकाला अडीच-तीन किलो तरी जातो, आणि त्यातला निम्मा निव्वळ पोळ्यांचा. सव्वाशे पोळ्या म्हणजे मोठा तवा दोन तास तापलेला. म्हणजे पोळ्या गेल्या. भाताचा आणि वरणाचा कुकर गेला. उरली एक शेगडी आणि खिमा.

खिचडी सुचली नाही असं नाही, पण आदल्या रात्रीच खिचडी-कढी झाली होती. पाव आणायचा म्हटलं तरी तीन किलो सुका खिमा बावीस पोरांच्या पावाला पुरत नाही. दोन वाट्यांत संपतो आणि पोरं मग भाताचं पातेलं शोधत फिरतात. वरण-भाताशिवाय पोट भरायचं असेल तर खिमा पातळ करायचा, आणि त्यात पोट धरेल असं काहीतरी शिजवायचं.

इथे मला आमचा ओहायोवाला आठवला. हा मुलगा कंपनीकडून सहा महिने अमेरिकेत ओहायोला ट्रेनिंगला होता. तिथे पाच जण एका फ्लॅटमध्ये राहायचे. आला तेव्हापासून दर थंडीत एका सुपाचं कौतुक ऐकवतो. त्यांच्या शेजारची बाई कामावरून आली की एका भांड्यात करायची, खिमा, टोमॅटो, गाजर आणि मॅकरोनी, आणि अर्ध्या-पाऊण तासात घरादाराचं जेवण. भांडं एकच, घासायलाही एकच. तिकडे आठवड्यातल्या कामाच्या दिवसांचं हे नेहमीचं जेवण, असं तो सांगतो. त्याला कंपनीत फोन लावला.

"काकू, सोप्पं आहे. ग्राउंड बीफ घ्यायचं, म्हणजे..."

"अरे, ते सोड. मटणाचा खिमा आहे माझ्याकडे. क्रम सांग."

त्याच्या शेजारणीच्या भांड्यात गोमांसच असायचं, त्यात आडपडदा नाही. आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस-रेडा त्या बंदीत नाही. पण मेसमध्ये कोण काय खातं आणि कोण कुणाच्या पंगतीला बसतं हे मला सांभाळावं लागतं, म्हणून बोकडाच्या मटणापलीकडे मी जात नाही. खिम्याच्या चवीत फरक पडतो. बोकडाचा खिमा जास्त उग्र आणि चरबी वेगळी, थंड झाली की टाळूला चिकटते. सूप गरमच वाढायचं हे तिथेच ठरलं.

ओहायोवाल्याने सांगितलेल्या चार वस्तू माझ्या फडताळात नव्हत्या. सेलरीच्या जागी कोथिंबिरीच्या काड्या बारीक चिरून घेतल्या, पानं वरून घालायला ठेवली. ओरेगॅनोच्या जागी ओवा, पण चिमटीने. दोघांच्या वासात थायमॉल असतं, फक्त ओव्यात ते इतकं आहे की जरा हात सुटला तर सूप पोटदुखीच्या काढ्यासारखं लागतं. वूस्टर सॉस म्हणून कसला तरी काळा सॉस त्याने सांगितला. त्या सॉसमध्ये मुळात चिंच असते, गोडाला मळी असते. मग माझं चिंच-गुळाचं पाणी काय वाईट? चीज राहिलंच.

मॅकरोनीसाठी पवननगरच्या बाजारात मीच गेले. दुकानदाराने सुटी मॅकरोनी पुढे केली. मी पुडा मागितला आणि मागची बाजू वाचली. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला हवा. मैद्याची मॅकरोनी स्वस्त असते आणि दिसते तशीच, पण रश्शात दहा मिनिटं जास्त राहिली की तिची खीर होते. ड्युरमचा गहू कठीण, त्यातली प्रथिनं स्टार्चला धरून ठेवतात. दीड किलो घेतली, माणशी पन्नास ग्रॅमच्या हिशेबाने. भेळेच्या पातेल्याएवढी दिसते, म्हणून नवख्याला वाटतं पुरणार नाही. शिजली की वजन दुपटीच्या पुढे जातं.

आधी शाकाहाऱ्यांचं. एकच शेगडी म्हटल्यावर त्यांचं पातेलं पहिलं, म्हणजे पळी-झारा इकडचा तिकडे व्हायचा प्रश्न नाही. दुसऱ्या दिवशीच्या उसळीसाठी मोड आलेली मटकी तयार होती, तीच घेतली. कांदा-लसूण परतून मटकी आणि पाणी घातलं, आणि मटकी बोटाने चेपली जाईपर्यंत टोमॅटोला हात लावला नाही. आंबट आधी पडलं की कडधान्य शिजायला कुरकुर करतं, आणि दीड किलो गॅसमध्ये कुरकुरीला जागा नसते.

मग मोठा टोप. खिमा तीन वेळा विभागून टाकला, कारण तीन किलो एकदम टाकला की तो स्वतःच्या पाण्यात उकडतो, करडा होतो आणि शेवटपर्यंत करडाच राहतो. तळभर पातळ पसरायचा आणि ढवळायचा नाही. मावशींचा हात सारखा पळीकडे जात होता, त्यांना मी लसूण सोलायला बसवलं. कान लावला की कळतं. आधी नुसती फुसफुस, ते पाणी आटतंय. मग आवाज बारीक होतो, चरचर सुरू होते, आणि कडेचा खिमा तपकिरी पडायला लागतो. तेव्हा उलटायचा. तिसरा हप्ता निघाला तेव्हा टोपाच्या तळाला काळसर-लाल खरपूस थर धरला होता. मावशी म्हणाल्या, "लागलं की हो." लागलं नव्हतं, त्यातच सगळी चव होती. तिकडे लोक यात हाडांचं तयार पाणी ओततात. नळ्या तीन तास उकळत ठेवायला माझ्याकडे गॅस कुठला? त्या थरावर दोन किलो कांदा टाकला, मीठ टाकलं. कांद्याला पाणी सुटलं आणि उलथन्याने खरवडल्याबरोबर तळ स्वच्छ झाला, कांदा विटकरी.

लसूण, काड्या, गाजराचे तुकडे, ओवा, थोडं लाल तिखट. तिखट ओहायोच्या यादीत नव्हतं, पण सिडकोतल्या यादीत असतं. गाजर अर्धं शिजल्यावर तीन किलो टोमॅटोचा रस, खिमा परत आत, चिंच-गूळ, पाणी. पाणी मुद्दाम कमी ठेवलं.

कारण खरी अडचण पुढेच होती. घरी पाच माणसं एकदम जेवतात, तेव्हा मॅकरोनी टोपात टाकली, आठ-नऊ मिनिटांत शिजली, वाढली, संपलं. माझ्याकडे तीन पंगती. जनरलवाले आठला, ओव्हरटाइमवाले साडेनऊला, दुसऱ्या पाळीची सहा पोरं पावणेबाराला. मॅकरोनी गॅस बंद केल्यावरही रस्सा पीतच राहते. आठला केलेलं सूप साडेनऊला घट्ट उप्पीट आणि पावणेबाराला सुरीने कापायची वडी. ओहायोवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "तिथे उरत नव्हतंच, काकू."

म्हणून टोपात मॅकरोनी घातलीच नाही. टोपात फक्त घट्ट रस्सा. पंगतीला जितकी डोकी तितका रस्सा पातेल्यात काढायचा, गरम पाण्याने पातळ करायचा, खळखळून उकळी आली की मोजलेली मॅकरोनी. शिजायला थोडी कमी असतानाच उतरवायची, ताटात येईपर्यंत ती पूर्ण होते. एका भांड्याचा पदार्थ दोन भांड्यांचा झाला, शाकाहाऱ्यांचं धरलं तर तीन. शेगडी मात्र एकच राहिली.

आणि टोप गोधडीत. झाकण घट्ट, खाली पोतं, वर दोन गोधड्या, कडेने जुनी बेडशीट खोचलेली. आमच्या आजी दूध विरजायला आणि तांदूळ शिजत घालायला असंच करायच्या. जानेवारी होता, थंडीच्या लाटेत निफाडकडे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि सिडकोतही रात्री हात बाहेर काढवत नाही. मटणाचं शिजवलेलं अन्न साठ अंशांच्या खाली तासन् तास कोमट ठेवणं म्हणजे पोरांना दवाखान्यात पाठवणं. लायसनच्या वेळी प्रशिक्षण घेतलं तेव्हा मी एक काडीचा थर्मामीटर आणला होता. साडेनऊच्या पंगतीला टोप पुन्हा उकळून गुंडाळला. पावणेबाराला काडी घातली तर अठ्ठ्याहत्तर.

पहिल्या पंगतीला शांतता नव्हती. ताटात पोळी नाही, भात नाही, खोलगट थाळीत लाल रस्सा आणि वाकड्या नळ्या. एका कोल्हापूरकराने चमच्याने उलटसुलट करून विचारलं, "काकू, हे आधीचं आहे की जेवण?" मी म्हटलं, "आधी खा, मग ठरव." दुसऱ्या वाटीला त्याने लिंबू मागितलं, तिसऱ्या वाटीला काहीच बोलला नाही. शाकाहारी कोपऱ्यात वेगळाच आनंद. मटकी, तर्री आणि वर मॅकरोनी बघून एकाने जाहीर केलं की ही नाशिकची मिसळच आहे, फरसाण तेवढं इटलीचं. त्याने खरंच शेव मागवली आणि वर घातली. बाकीच्या सातांनीही घातली. खरं सांगायचं तर खिम्याच्या टोपापेक्षा ते पातेलं जास्त जमलं होतं, हे मी त्या बावीस जणांना सांगितलं नाही.

पाव मी कोपऱ्यावरच्या बेकरीतून चार लाद्या आणून ठेवलेच होते. पोळी नाही म्हटल्यावर हाताला काहीतरी लागतं.

दुसऱ्या पाळीची पोरं मफलर गुंडाळून आली. त्यांना अर्धवट गार झालेल्या भाजीची आणि वातड पोळ्यांची सवय. शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला मेसमध्ये तेच येतं, माझ्याकडेसुद्धा. त्या रात्री त्यांना आठच्या पंगतीइतकंच ताजं मिळालं, कारण त्यांची मॅकरोनी ते हात धूत असताना पातेल्यात पडली होती. मला तरी या पदार्थाचा सगळ्यात मोठा गुण हाच वाटतो. चटकन होतो म्हणून लोक त्याचं कौतुक करतात. तीस जणांच्या मेसमध्ये चटकन काहीच होत नाही, कांदे चिरायलाच तास जातो. पण पंगत कितीही वाजता बसली तरी नऊ मिनिटांत गरम वाढता येतं, ही गोष्ट पोळी-भाजीत नाही.

सिलिंडर दुसऱ्या दिवशी अकराला आला. जुना काढून पुन्हा काट्यावर ठेवला तर पाव किलोच्या आसपास गॅस उरला होता. मावशींना त्या बुधवारी पोळ्यांतून सुट्टी मिळाली होती, त्यांनी परस्पर दर बुधवारी हेच करा असं सुचवून टाकलं. मी थंडीतल्या बुधवारांपुरतं मान्य केलं. एप्रिलमध्ये नाशिकला कुणी सूप पीत नाही.

ओहायोवाला त्या रात्री दोन थाळ्या खाऊन उठताना म्हणाला, "काकू, नव्वद टक्के जमलं. वरून तिकडचं किसलेलं परमेजान चीज पाहिजे होतं." मी त्याला त्या चीजचा किलोचा भाव मोबाइलवर बघायला लावला आणि मेसच्या महिन्याच्या पैशांशेजारी ठेवायला सांगितला. पुढच्या बुधवारी तो स्वतःच अमूलचा डबा घेऊन आला, आणि किसणीसुद्धा.